चार तारांचा बेस घ्यावा की पाच तारांचा?

बेस गिटार शिकायची इच्छा झाली आणि पणजी-मडगावच्या दुकानात पाऊल टाकलं की पहिल्या पाच मिनिटांत हा प्रश्न समोर येतो. भिंतीवर चार तारांचा टांगलेला असतो, त्याच्या शेजारी जेमतेम थोडा महाग असा पाच तारांचा. दुकानदार म्हणतो, "पाचचाच घ्या, पुढे लागेलच." मीही तेच ऐकलं होतं.

गेली अकरा वर्षं मी फोंड्याजवळच्या एका भजनी मंडळात बेस वाजवतोय, शिवाय महिन्यातून एक-दोनदा मित्रांच्या बँडबरोबर लग्नांच्या रिसेप्शनला. नोकरी वेगळी, हे सगळं हौसेचं. आधी पाच तारांचा घेतला, चार वर्षांनी चार तारांचा. आमच्या मंडळाच्या भजनाला आज माझ्या गळ्यात चार तारांचाच असतो आणि रिसेप्शनला पाच तारांचा. त्यामुळे मला विचाराल तर मी उलटा प्रश्न विचारतो. तुमच्याबरोबर गाणार कोण, आणि त्यांचा सा कोणता?

गाणाऱ्याचा सा आधी विचारा

चार तारांच्या बेसच्या तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी अशा लावतात. मोकळी, म्हणजे कुठेही न दाबलेली, ई तार ४१ हर्ट्झच्या (सेकंदाला ४१ कंपनांच्या) जवळपास बोलते. पाच तारांच्या बेसवर त्याखाली आणखी एक जाड बी तार येते, ती साधारण ३१ हर्ट्झची. म्हणजे खाली पाच जादा स्वर मिळतात, बी पासून डी शार्पपर्यंत. ऐकायला मोठी मिळकत वाटते. ती खरंच कामाला येते का, हे पेटीच्या पट्ट्यांवर मांडून बघा.

आमचे बुवा काळी एकमध्ये गातात, बहुतेक पुरुष गायक काळी एक ते काळी दोनच्या आसपासच असतात. काळी एक म्हणजे सी शार्प. चार तारांच्या बेसवर हा सा ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर मिळतो (फ्रेट म्हणजे वाद्याच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी आणि तिच्या मागची दाबायची जागा). आता गंमत बघा. बेसच्या शेजारशेजारच्या तारांत मध्यमाचं अंतर असतं, म्हणून सा जिथे दाबलाय त्याच फ्रेटवर शेजारच्या जाड तारेवर मंद्र पंचम तयार असतो. बोट आडवं सरकवलं की सा-प, सा-प. बारीक बाजूच्या तारेवर दोन फ्रेट पुढे गेलात की वरचा पंचम, आणि एक तार सोडून दोन फ्रेट पुढे गेलात की वरचा सा. अभंगाच्या भजनी ठेक्याला एवढ्या तीन जागा पक्क्या झाल्या की नवशिक्या माणूस पहिल्याच श्रावणात साथीला बसू शकतो. काळी एकला हे सगळं चार तारांवर आरामात बसतं. पाचव्या तारेची गरज कुठेच पडत नाही.

मग पाचव्या तारेवरचा खर्जाचा सा, तो ३५ हर्ट्झचा, का वाजवू नये? मी वाजवला. पहिली दोन वर्षं मोठ्या हौसेने वाजवला. देवळाच्या सभामंडपात फरशी दगडी, छत उंच. पखवाजाची धूम, तबल्याचा डग्गा आणि माझा खालचा सा हे तिन्ही एकमेकांत मिसळून नुसता घुमार व्हायचा. बोल ऐकू येईनात. आमचे पखवाजवाले काका एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "बाबा, तू वाजवतोस तेव्हा मला माझाच हात ऐकू येत नाही." त्यांच्याइतकं नेमकं मला कुणीच सांगितलं नाही. त्या दिवसापासून सा एक सप्तक वर, ६९ हर्ट्झवर नेला, आणि बेस आणि पखवाज दोन्ही वेगवेगळे ऐकू यायला लागले.

महिला मंडळाचं गणित मात्र वेगळं आहे, आणि पाच तारांच्या बाजूने सगळ्यात खरा मुद्दा मला इथेच दिसतो. गोव्यात महिला भजनी मंडळं गावोगाव आहेत, आणि त्यांचा सा बहुधा काळी चार-काळी पाचच्या आसपास असतो. काळी चार म्हणजे जी शार्प. चार तारांवर तो ई तारेच्या चौथ्या फ्रेटवर येतो, आणि त्याच्या शेजारी जाड तारच उरत नाही. आडवं बोट सरकवून मंद्र पंचम घ्यायची सोय संपते. सा एक सप्तक वर, डी तारेच्या सहाव्या फ्रेटवर नेला तर रचना पुन्हा जुळते, पण बेसचं वजन हलकं होतं आणि आवाज जवळपास गिटारसारखा वाटू लागतो. बी तार असेल तर सा खालीच ठेवून पंचमही हाताशी राहतो. माझी बायको ज्या मंडळात गाते त्यांच्याबरोबर बसताना मी म्हणूनच पाच तारांचा नेतो आणि बी तार फक्त पंचमापुरती वापरतो.

पांढरी दोन, म्हणजे डी मध्ये गाणारा गायक असेल तर एक साधी युक्ती आहे. चार तारांच्या बेसची ई तार दोन अर्धस्वर उतरवून डी करा. मोकळ्या तारेवर खर्जाचा सा मिळतो, तेही नवीन वाद्य न घेता. मात्र त्या तारेवर सगळे स्वर दोन फ्रेट पुढे सरकतात हे डोक्यात ठेवावं लागतं. ए तारेवर सा धरला तर या जाड तारेवरचा मंद्र पंचमही आता त्याच फ्रेटवर नसतो, दोन फ्रेट पुढे जातो.

पाचवी तार वाजवणं सोपं, गप्प ठेवणं कठीण

पाच तारांची खरी किंमत पैशांत नाही, उजव्या हातात मोजावी लागते. माझ्या दुसऱ्या श्रावणात कुणीतरी आमच्या भजनाचं मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं. गजर संपून बुवा एकटेच आळवायला लागले त्या जागी खाली एक बारीक "ऊंऽऽ" ऐकू येत होता. मी तर काहीच वाजवत नव्हतो. हातात वाद्य घेऊन शोधलं, तेव्हा कळलं की समोरच्या स्पीकरच्या दणक्याने आणि शेजारच्या तारांच्या कंपनाने मोकळी बी तार आपोआप बोलते. अंगठा तिच्यावर हलकेच टेकवला की आवाज बंद.

चार तारांच्या बेसवर अंगठा पिकअपवर, म्हणजे तारांखालच्या आवाज पकडणाऱ्या चुंबकाच्या डबीवर, ठेवला तरी चालून जातं. पाच तारांवर तो फिरता ठेवावा लागतो. ए तार वाजवताना अंगठा ई वर आणि त्याची कड बी ला चिकटलेली. डी वाजवताना अंगठा ए वर, आणि मागच्या दोन तारा तळव्याच्या कडेने दाबलेल्या. ही सवय मला लागायला आठ महिने गेले, रोज अर्धा तास धरून. चार तारांवर शिकणारा तेवढ्या वेळात दोन ठेके आणि दहा-बारा अभंग तयार करतो. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला हा फरक छोटा नाही.

डाव्या हाताचं दोघांत फारसं वेगळं नाही, कारण दोन्हींची तारेची लांबी बहुधा ३४ इंच असते. पहिल्या फ्रेटची रुंदी जवळपास ४८ मिलिमीटर भरते, साध्या गिटारवर ती ३६ च्या आसपास असते. खालच्या फ्रेटवर चार बोटं चार फ्रेटवर ताणू नका. पहिलं, दुसरं आणि करंगळी एवढ्यावर काम चालवा, अनामिका करंगळीला आधार देईल. हात लहान असेल तर ३० इंची शॉर्ट स्केल बेस मिळतो, तो नवशिक्याला फार सुखाचा, आणि तो बहुतेक चार तारांचाच असतो. पाच तारांची मान मात्र रुंद असते आणि बी तारेपर्यंत पोचायला मनगट जास्त वळवावं लागतं. मनगट दुखायला लागलं तर थांबा, पट्टा आखूड करा, वाद्य वर घ्या.

मग पाचव्या तारेचा उपयोग कुणाला?

रिसेप्शनच्या बँडला. तिथे पट्टी गायकाच्या सोयीने ऐन वेळी बदलते, आणि हल्लीच्या हिंदी गाण्यांत की-बोर्डवर वाजवलेला बेस ई च्या खाली सहज जातो. मुळात जाड बी तारेची मागणी वाढली तीच ऐंशीच्या दशकात, सिंथेसायझरचे खोल स्वर गाजायला लागले तेव्हा. त्याआधी १९५१ साली फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीने प्रिसिजन बेस काढला तो चार तारांचा, आणि १९६५ मध्ये त्यांनी पाचवी तार दिली तीही खाली नव्हे, वरच्या अंगाला, बारीक सी ची. मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांमागचा बेसवादक जेम्स जेमरसन चार तारांच्या प्रिसिजनवर, एका बोटाने वाजवायचा. त्याला स्वर कमी पडले नाहीत.

घरी सरावाला आठ इंची स्पीकरचा छोटा अ‍ॅम्प असेल तर बी तारेचा मूळ स्वर त्यातून येतच नाही, येतात ते वरचे उपस्वर. त्यासाठी पैसे घालवण्यात अर्थ नाही. चांगला हेडफोन मात्र तो स्वर ऐकवतो.

आणि आपल्या गोव्याची हवा. जूनपासून खारी दमट हवा तारा खाते, फ्रेटना हिरवट कळा येते, मान वाकते. चार तारांचा संच साधारण ०.०४५ ते ०.१०५ इंच जाडीचा, पाचवी तार ०.१३० इंचाची. पाचचा संच महाग, आणि पावसाळ्यात बदलावा लागतोच. मी चारच्या बेसला सपाट गुंडाळीच्या, म्हणजे फ्लॅटवाउंड तारा लावल्या आहेत. त्या महाग असतात, पण दोन पावसाळे सहज काढतात, आणि त्यांचा मऊ, थोडा बसका आवाज पेटी-तबल्याबरोबर छान मिसळतो. वाजवून झालं की सुक्या फडक्याने पुसायचं आणि बेसच्या खोक्यात सिलिका जेलची पुडी ठेवायची. चवथीच्या आरत्यांना घुमट बाहेर काढताना त्याचं चामडं सैल झालंय का हे आपण जसं बघतो, तसंच पावसाळ्यात मानेचा वाक बघायचा.

दुकानात काय बघायचं

यामाहाचा टीआरबीएक्स१७४ किंवा आयबानेझचा जीएसआर२०० हे दोन्ही चार तारांचे, नवशिक्यासाठी पुरेसे. पाचचं मन असेल तर टीआरबीएक्स३०५ आणि जीएसआर२०५ हातात घेऊन बघा. मोबाइलवर तानपुरा लावा, आपल्या गायकाची पट्टी ठेवा आणि बसून नाही, उभं राहून दहा मिनिटं सा-प वाजवा. खांदा किती भरून येतो ते कळेल.

पाचचा घेताना शेवटची एक कसोटी नक्की करा. बी तार पाचव्या फ्रेटवर दाबून वाजवा, लगेच मोकळी ई वाजवा. स्वर एकच आहे. बी वरचा जर पिशवीत कोंबल्यासारखा, सैल आणि धूसर ऐकू आला तर तो बेस परत भिंतीवर टांगायला सांगा, कितीही स्वस्त असला तरी. दोन्ही सारखेच भरीव बोलले, तरच पाकीट काढा.