निरीक्षणासाठी कासव की तारामासा?

एकाच समुद्रजीवाचं निरीक्षण नेमाने करायचं ठरवलं की बहुतेकांचं मन कासव आणि तारामासा या दोघांत अडकतं. मी दोघांच्याही मागे काही हंगाम घालवलेत.

कासवाचा डौल वेगळाच. मादी वाळूवर चढते, मागच्या वल्ह्यांनी खड्डा कोरते, शंभरेक अंडी घालते. तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळत असतं. ते रडणं नव्हे, अंगातलं जादा मीठ ती असं बाहेर टाकते. हे एकदा पाहिलं की विसरता येत नाही.

माझं अडलं ते उजेडापाशी. एका रात्री चार तास अंधारात निश्चल बसलो होतो. मादी आली, अर्ध्या वाटेवर थबकली आणि अंडी न घालताच माघारी वळली. तेवढ्यात मागे कुणाचा तरी मोबाइल उजळला होता. तेच कारण होतं असं छातीठोकपणे नाही सांगता येणार, माद्या एरवीही अशा परततात. पण तेव्हापासून प्रत्येक रात्री एकच धास्ती : आपल्या पाहण्यानेच ती परत फिरली तर? त्या धास्तीत पाहणं राहूनच जायचं.

तारामासा मला दिवसाउजेडी, ओहोटीच्या डबक्यात भेटला. लाटेने उलटा पडला होता. एका बाहूचं टोक हळूच वळलं, खालच्या असंख्य नळीपायांपैकी चार-सहा खडकाला चिकटले, मग शेजारचा बाहू सरसावला. मेंदू नसलेला हा जीव सावकाश, न चुकता सुलटा झाला. दुसरा एक शिंपल्यावर कमान करून बसलेला. शिंपला जरासा किलकिला झाला की हा स्वतःचं जठरच बाहेर काढून आत सारतो आणि तिथेच पचवतो.

शिवाय एवढ्याशा जिवावर अख्खा खडक अवलंबून असू शकतो. जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी 1963 पासून अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर एका पट्ट्यातले तारामासे हटवून पाहिले. शिंपल्यांनी जागा बळकावली, बाकीचे जीव हटत गेले.

पाण्यात उतरून पोहणाऱ्यांना कदाचित कासवच भावेल. श्वास घ्यायला ते वर येतं, ती भेट सुंदरच. पण दिवसाचा थोडाच वेळ हाताशी असेल, तर मी म्हणेन, भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढा आणि डबक्याशी बसा. तारामासा पाण्याबाहेर मात्र काढू नका, त्याला ते सोसत नाही. आणि गुडघ्यांखाली घ्यायला जाड कापड न्या, खडक टोचतो.