कोरीडोराससाठी बारीक वाळू आणि स्पंज फिल्टर: काही महिन्यांच्या वापरानंतर

टाकीतले खडे काढून बारीक वाळू घातली की कोरीडोरास, म्हणजे तळाशी राहणारा छोटा मिशाळ मासा, खरा कसा वागतो ते दिसायला लागतं. तो वाळू तोंडात घेतो, त्यातलं खाणं टिपतो आणि उरलेली कल्ल्यांतून सोडून देतो. रंगीत खड्यांवर हे त्याला जमत नाही. शिवाय खड्यांच्या फटींत अन्न कुजतं, जिवाणू वाढतात आणि माशाच्या मिशा आखूड होत जातात. म्हणून मासे आणण्याआधी तळाकडे बघा.

2 × 1 × 1 फुटी टाकीत 3 सेंमी थर द्यायला 8 ते 9 किलो वाळू पुरते. पाणी गाळण्याच्या टाक्यांमध्ये भरतात ती क्वार्ट्झची वाळू उत्तम. दाणा साधारण अर्धा ते एक मिमी. समुद्राची वाळू नको, शिंपल्यांच्या चुऱ्याने पाणी जड होतं. शंका असेल तर कोरड्या वाळूवर पांढरं व्हिनेगर टाका; फसफसली तर त्यात चुना आहे. बादलीत घेऊन पाणी नितळ येईपर्यंत धुवावी लागते आणि हे काम कंटाळवाणं आहे. अर्धवट धुतली तर टाकी दिवसेंदिवस गढूळ राहते.

वाळूबरोबर स्पंज फिल्टरच घ्यावा, म्हणजे एअर पंपाच्या बुडबुड्यांनी स्पंजमधून पाणी ओढणारा फिल्टर. मोटरच्या फिल्टरमध्ये बारीक कण शिरून पंखा घासतो. इथे पाण्यात फिरणारा भागच नाही. उणीव एकच, एअर पंपाची घरघर. पंप जाड फोमवर ठेवा आणि फिल्टरच्या नळीत छोटा एअरस्टोन (हवेचे बारीक बुडबुडे करणारा सच्छिद्र दगड) बसवा, आवाज बराच उतरतो. पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर लाइट गेल्यावर पाणी उलटं पंपात येतं. बुडबुडे मंदावले की स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा. नळाखाली धरू नका, क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात. नवा फिल्टर मुरायला, म्हणजे त्यात हे जिवाणू वाढायला, 4 ते 6 आठवडे जातात. पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना विषारी द्रव्यं शून्य आल्यावरच मासे सोडा, किमान 6.

कोरीडोरासची (थोडक्यात कोरीची) जात गावाच्या हवेप्रमाणे निवडावी. पेपर्ड कोरीला थंडावा मानवतो, विदर्भाच्या उन्हाळ्यात तिचे हाल होतात. तिथे 24 ते 28 अंशांत राहणारी स्टर्बाई बरी. पाणी तापलं तर झाकण उघडून पृष्ठभागावर पंखा लावा, दोन-तीन अंश उतरतात. मासा बाहेर उडू नये म्हणून वर जाळी मात्र हवी.

एखादा मासा झपकन वर येऊन हवा गिळून गेला तर काळजी नको, तो आतड्यातूनही श्वास घेतो. सगळेच सारखे वर धावू लागले तर प्राणवायू कमी आहे किंवा नायट्राइट वाढलंय. लगेच क्लोरीन काढलेल्या, तेवढ्याच तापमानाच्या पाण्याने तिसरा हिस्सा बदला. मिशा मुळापासून गेल्या नसतील तर तळ स्वच्छ ठेवल्यावर परत वाढतात.

बुडणाऱ्या गोळ्या दिवा मालवल्यावर द्या, अर्ध्या तासात संपतील एवढ्याच. कोरी उरलंसुरलं खाऊन जगते हा समज तिला उपाशी मारतो. सायफनचं तोंड वाळूच्या दोन सेंमी वर फिरवलं की घाण तेवढी उचलली जाते.

पकडायला जाळं वापरू नका. परांचे काटे त्यात अडकतात आणि सोडवताना मोडतात, आपल्या हातातही घुसतात. प्लास्टिकचा पारदर्शक डबा पाण्यात आडवा धरून मासा हळूच आत वळवावा.