उत्तर डकोटातील शेतीसाठी जूनचा हवामान अंदाज: दोन सरकारी सेवांविषयी

अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचे क्लायमेट प्रेडिक्शन सेंटर दर महिन्याच्या मध्यास पुढील महिन्याच्या तापमानाचे व पाऊसमानाचे नकाशे प्रसिद्ध करते आणि महिना संपताना ते सुधारून पुन्हा देते. उत्तर डकोटातील रेड नदीच्या खोऱ्यात यांपैकी जूनच्या नकाशाला सर्वाधिक महत्त्व आहे, कारण जून हा तिथे साधारणपणे सर्वांत पावसाचा महिना असतो आणि वसंती गहू, मका, सोयाबीन व साखरबीट यांची वाढ याच महिन्यात जोर धरते किंवा खुंटते. ही विनामूल्य सेवा मला मोलाची वाटते, मात्र ती वाचण्याची रीत समजून घ्यावी लागते.

नकाशावरचा गडद हिरवा रंग मुसळधार पावसाचे आश्वासन देत नाही. १९९१ ते २०२० या काळातील नोंदींचे कमी, मध्यम आणि जास्त असे तीन समान गट पाडलेले असतात, आणि त्यांपैकी जास्त पावसाच्या गटाची शक्यता एक-तृतीयांशाच्या वर किती गेली आहे एवढेच तो रंग सांगतो. भारतीय हवामान खात्याचे ‘सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के’ असे आकडे वाचत आलेल्या आपल्या लोकांची इथे गल्लत होऊ शकते. ‘समान शक्यता’ असलेला पांढरा भाग तर सरासरी पावसाचा अंदाजच नव्हे. तिथे केंद्राला कोणत्याही बाजूने कौल देता आलेला नसतो, आणि तसे ते उघड सांगते, हा प्रामाणिकपणा मला आवडतो. सोबतचे विवेचन मात्र तज्ज्ञांच्या परिभाषेने इतके भरलेले असते की शेतकऱ्याला त्यातून थोडेच हाती लागते.

पावसाच्या बाबतीत या नकाशांची मर्यादा मोठी आहे. जूनचा पाऊस मुख्यतः गडगडाटी वादळांतून येतो, एक शिवार भिजते आणि शेजारचे कोरडे राहते. महिनाभर आधी काढलेला नकाशा हे टिपू शकत नाही. २०१७ च्या मेच्या मध्यास या मैदानी प्रदेशात दुष्काळ जवळपास नव्हता, आणि जुलैअखेर राज्याच्या पश्चिमेचा काही भाग दुष्काळाच्या सर्वांत तीव्र श्रेणीत गेला होता. दीर्घकालीन अंदाजांतून त्याची स्पष्ट पूर्वसूचना मिळाली नव्हती.

म्हणून प्रत्यक्ष शेतातल्या निर्णयांसाठी मी उत्तर डकोटा राज्य विद्यापीठाच्या ‘एनडॉन’ या कृषी हवामान केंद्रांच्या जाळ्याला अधिक गुण देईन. जमिनीखाली चार इंचांवरचे तापमान तिथे मिळते, त्यामुळे माती दहा अंश सेल्सिअसला पोहोचली का हे पाहून आणि वाफसा स्वतः तपासून मक्याची पेरणी ठरवता येते. मक्यासाठी साठत गेलेली उष्णता, तसेच गव्हाच्या ओंबीवरील स्कॅब हा बुरशीरोग आणि साखरबीटच्या पानांवरील ठिपक्यांचा रोग यांचा धोकाही तिथे पाहता येतो. काही केंद्रांवर उलटे तापमान, म्हणजे खाली थंड आणि वर उबदार हवा, मोजले जाते. अशा संध्याकाळी तणनाशक फवारल्यास ते दूरच्या पिकावर वाहत जाते, हे ज्याने एकदा पाहिले त्याला या सोयीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

एनडॉनचे जवळचे केंद्रही दूर असेल तर शेतात स्वतःचे पर्जन्यमापक हवेच. क्लायमेट प्रेडिक्शन सेंटरचा मासिक नकाशा बियाणे आणि खतांची तजवीज करताना, आठ ते चौदा दिवसांचा अंदाज गवत कापणीच्या सुमारास, आणि एनडॉन पेरणीपासून गहू फुलोऱ्यातून बाहेर पडेपर्यंत रोज पाहावे, असे मी सुचवीन.