एफएफटी, वेल्च, मल्टिटेपर, लोम्ब–स्कार्गल की वेव्हलेट? डेटा बघून पद्धत निवडताना

मोटरची थरथर, बंदरातली भरती-ओहोटी, ताऱ्याचं कमी-जास्त होणारं तेज, हृदयाचे ठोके, दीडशे वर्षांचा पाऊस. सगळीकडे प्रश्न एकच: या आकड्यांत ठरावीक काळाने परत येणारं काही आहे का, आणि असल्यास किती काळाने, किती जोराने? उत्तर शोधताना बहुतेक जण आपल्या विषयातले लोक जे वापरतात तेच उचलतात. पण विषयाचा इथे फारसा संबंध नाही. मोजमापं सारख्या अंतराने घेतली आहेत का, ती किती काळ घेतली, आणि आपण शोधतोय तो ताल शेवटपर्यंत टिकून राहतो का, या तीन गोष्टी पद्धत ठरवतात. म्हणूनच ताऱ्यांसाठी बनवलेली पद्धत ईसीजीला चालते. प्रिझमने प्रकाश फोडून मिळणारा वर्णपट हा वेगळा विषय. इथे काळाबरोबर घेतलेल्या नोंदींचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या वारंवारतेचा जोर किती याचा आलेख, एवढंच बघू. तो काढायची नेहमीची झटपट गणिती रीत म्हणजे एफएफटी (फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म).

आधी लांबी, मग पद्धत

'टी' सेकंदांच्या नोंदीत दोन वारंवारता वेगळ्या दिसायला त्यांच्यात निदान १/टी इतकं अंतर लागतं. ही मर्यादा कुठलंही सॉफ्टवेअर ओलांडू देत नाही. शेवटी शून्यं जोडून एफएफटी केली की आलेख गुळगुळीत दिसतो, पण रेझोल्यूशन होतं तेवढंच राहतं.

कारखान्यातली दोन पोलची इंडक्शन मोटर घ्या. लोडवर ती मिनिटाला २९७० फेरे घेते, म्हणजे ४९.५ हर्ट्झ. कपलिंगचं अलाइनमेंट बिघडलं तर दुप्पट वेगाला, म्हणजे ९९ हर्ट्झला, शिखर वाढतं. स्टेटर किंवा एअर गॅपचा दोष असेल तर वाढतं ते वीजपुरवठ्याच्या दुपटीला, १०० हर्ट्झला. एका दोषाला फिटर बोलवायचा, दुसऱ्याला वाइंडिंगवाला, आणि दोघांमध्ये अंतर फक्त १ हर्ट्झचं. एका सेकंदाची नोंद इथे निरुपयोगी. एफएफटी वारंवारतांचे १/टी रुंदीचे खाने पाडते. नोंदीची टोकं हळूहळू शून्याकडे नेणारी हॅन विंडो लावली की प्रत्येक शिखर चार खाने रुंद होतं, त्यामुळे खाना ०.२५ हर्ट्झचा हवा, म्हणजेच नोंद ४ सेकंदांची. मोटर रिकामी फिरत असेल तर वेग २९९० पर्यंत चढतो आणि अंतर ०.३३ हर्ट्झवर येतं; मग १२ सेकंद लागतात. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे नोंद चालू ठेवून वीज तोडणं. १०० हर्ट्झचं शिखर तत्क्षणी गायब होतं, अलाइनमेंटचं मात्र वेगाबरोबर हळूहळू खाली सरकतं.

एकच लांब एफएफटी की वेल्च?

१८९८ मध्ये आर्थर शूस्टरने मांडलेला पिरियोडोग्राम म्हणजे सगळ्या नोंदीची एकच एफएफटी आणि तिचा वर्ग. त्याचा मोठा दोष असा की नोंद कितीही लांबवली तरी प्रत्येक खान्यातली अनिश्चितता तेवढीच, सरासरीच्या शंभर टक्के, राहते. जास्त डेटाने खाने वाढतात, खात्री वाढत नाही. वेल्चने १९६७ मध्ये नोंदीचे तुकडे करून, ते अर्धे-अर्धे एकमेकांवर चढवून, स्पेक्ट्रमांची सरासरी काढायचा मार्ग दिला. चढ-उतार कमी झाला, पण रेझोल्यूशन तुकड्याच्या लांबीइतकंच उरलं.

त्यामुळे निवड सोपी आहे. पसरट उंचवटा किंवा नॉइजची पातळी हवी असेल तर वेल्च. समुद्राच्या लाटांचा किंवा भूकंपमापकाच्या पार्श्वभूमीचा स्पेक्ट्रम याच वर्गातला. सुईसारखी, न ढळणारी वारंवारता शोधायची असेल तर एकच लांब एफएफटी. खोडदच्या जीएमआरटीसारख्या रेडिओ दुर्बिणीच्या डेटात पल्सार (ठरावीक काळाने रेडिओ ठोके देणारे तारे) शोधताना म्हणूनच तुकड्यांची सरासरी काढत नाहीत. उलट पल्सारचा ठोका अरुंद असल्यामुळे त्याची ऊर्जा अनेक हार्मोनिक्सवर, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटींवर, विखुरलेली असते, ती गोळा करून बेरीज करतात. वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झ आणि तिच्या पटी तिथेही येतातच. त्यांची यादी आधी करून वगळायची.

वेल्च वापरताना सर्वांत जास्त फसवते ती सायपाय या पायथन लायब्ररीची डिफॉल्ट सेटिंग. तुकड्याची लांबी न सांगितल्यास ती २५६ नमुने धरते. ५१२० हर्ट्झने घेतलेल्या नोंदीत तो खाना २० हर्ट्झचा होतो, आणि वरच्या मोटरचे दोन्ही दोष एकाच ढिगात जातात. १२ सेकंदांची नोंद घेऊनही. लांबी हाताने द्या. मधूनच धक्के, ठणके येणारी नोंद असेल तर सरासरीऐवजी मध्यक घ्या. गुरुत्वीय लहरींच्या शोधकांची नॉइज पातळी अशीही काढतात, कारण एक ठणका सरासरी बिघडवतो, मध्यकाला हलवत नाही.

विंडोबद्दल एवढंच: विंडो न लावणं म्हणजे चौकोनी विंडो लावणं, आणि तिची गळती (शिखराची ऊर्जा आसपासच्या खान्यांत सांडणं) शिखरापासून फक्त १३ डेसिबल खाली असते. हॅनची ३१ डेसिबल. मात्र हॅनमध्ये दोन खान्यांच्या मधोमध पडलेलं शिखर १५ टक्के कमी उंचीचं दिसतं. उंचीच मोजायची असेल, उदाहरणार्थ कॅलिब्रेशनमध्ये, तर फ्लॅट-टॉप लावा.

नोंद आखूड असेल तर मल्टिटेपर

वेल्चसाठी तुकडे पाडायला डेटा मुबलक लागतो. सागरतळाच्या गाळाचा एक गाभा किंवा मेंदूच्या ईईजीचे दोन सेकंद असतील तर तुकडे परवडत नाहीत. थॉमसनने १९८२ मध्ये सुचवलं की अख्ख्या नोंदीलाच एकमेकांशी काटकोनात असलेल्या सात-आठ वेगवेगळ्या विंडो लावाव्यात आणि त्यांची सरासरी घ्यावी. वेळ-पट्टी गुणाकार (नोंदीची लांबी गुणिले शिखराची अर्धी रुंदी) ४ धरला तर सात विंडो मिळतात आणि प्रत्येक शिखर ८/टी इतकं रुंद होतं. ही किंमत लोक विसरतात आणि शेजारचे दोन आवर्तकाल एकच समजतात. गुणाकार २ धरून तीन विंडोंवर चालवलं तर शिखर अर्ध्या रुंदीचं होतं, पण चढ-उतार जास्त.

वारंवारता आधीच ठाऊक असेल तर

मग स्पेक्ट्रम काढूच नका. भरती-ओहोटीच्या वारंवारता चंद्र-सूर्याच्या गतीवरून नेमक्या माहीत आहेत. चंद्राची मुख्य भरती एम२, आवर्तकाल १२.४२ तास, सूर्याची एस२, १२ तास. मुंबईच्या अपोलो बंदरावर भरतीच्या नोंदी १८७८ पासून आहेत. अशा तासातासाच्या नोंदीतून सवयीने १०२४ आकडे घेऊन एफएफटी केली तर एम२ येते ८२.४४ व्या खान्यात, म्हणजे जवळजवळ दोन खान्यांच्या मध्ये. विंडो लावलेली नसेल तर जवळच्या खान्यात तिची उंची खऱ्याच्या ७१ टक्के दिसते. समुद्रात काही घटलेलं नाही. १०२४ हा आकडा संगणकाच्या सोयीचा आहे, चंद्राच्या नाही.

इथे ज्ञात वारंवारतांच्या साइन-कोसाइन लहरी लघुतम वर्ग पद्धतीने (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवून) बसवायच्या. गेज बंद पडून मधले दिवस गेले असतील तरी ही पद्धत चालते. लांबीची अट मात्र इथेही सुटत नाही. एम२ आणि एस२ वेगळ्या करायला १४.७७ दिवस लागतात, एस२ आणि तिच्या अगदी जवळची, चंद्र-सूर्य दोघांची के२ वेगळ्या करायला १८२.६ दिवस. महिन्याभराचा डेटा असेल तर के२ ही एस२ च्या ०.२७ पट गृहीत धरतात, स्वतंत्रपणे बसवत नाहीत. बसवलीच तर दोन्ही प्रचंड आणि एकमेकांच्या विरुद्ध निघतात. शिवाय चंद्राच्या १८.६ वर्षांच्या चक्राने एम२ सुमारे ३.७ टक्के वर-खाली होते; ती दुरुस्ती न करता दोन वर्षांची तुलना करू नये.

नोंदी असमान अंतराने असतील तर

दोन पर्याय: मधल्या जागा इंटरपोलेशनने भरून एफएफटी, किंवा लोम्ब–स्कार्गल, ज्यात नोंदी आहेत त्या वेळांनाच लहरी बसवतात. आमचा कौल बहुतेक वेळा दुसऱ्याला. इंटरपोलेशन चाळणीसारखं वागतं: जलद बदल दाबतं, मंद बदल फुगवतं. पोकळी शोधतोय त्या आवर्तकालापेक्षा मोठी असेल तर भरलेला भाग निव्वळ कल्पित.

लोम्ब–स्कार्गलचा धोका वेगळा. तारा रात्रीच दिसतो, त्यामुळे दिवसाला एक फेरा हा निरीक्षणांचाच ताल डेटात घुसतो. आरआर लायरे या ताऱ्याचा काल ०.५६६९ दिवस, म्हणजे दिवसाला १.७६४ फेरे. एकाच ठिकाणाहून पाहिलं तर ०.७६४ आणि २.७६४ लाही शिखरं उठतात, म्हणजे १.३१ आणि ०.३६ दिवस. तिन्ही कालांवर प्रकाशवक्र (वेळेनुसार तेजाचा आलेख) घडी घालून, म्हणजे सगळे फेरे एकमेकांवर ठेवून, बघा. विखुरणं सर्वांत कमी कुठे ते दिसतं. दूरच्या रेखांशावरच्या निरीक्षकाच्या थोड्या नोंदी मिळाल्या तर हा गुंता बराच सुटतो.

वारंवारतांची जाळी पुरेशी बारीक हवी. ७३० दिवसांच्या नोंदीत शिखर १/७३० रुंद असतं. त्यात पाच बिंदू पडायचे आणि दिवसाला १० फेऱ्यांपर्यंत शोधायचं, तर ३६,५०० वारंवारता तपासाव्या लागतात. हजारावर भागवलं तर खरं शिखर दोन बिंदूंमधून निसटतं. आणखी एक हमखास चूक: सायपायचं लोम्ब–स्कार्गल कोनीय वारंवारता मागतं, ॲस्ट्रोपायचं साधी. काल ६.२८ पट चुकला की इथेच बघा.

हृदयाच्या ठोक्यांमधलं अंतरही असमान नोंदीच. तिथे ४ हर्ट्झवर स्प्लाइन इंटरपोलेशनची रीत रुळलेली आहे आणि ती चालतेही, कारण पोकळ्या छोट्या असतात. मात्र सॉफ्टवेअरने एक ठोका चुकवला तर ती एकाकी उसळी सगळ्या वारंवारतांवर पसरते आणि ०.१५ ते ०.४० हर्ट्झची, श्वासाच्या तालाची पट्टी उगाच वाढते. ठोके आधी डोळ्यांनी तपासा. पाच मिनिटांच्या नोंदीत ०.०४ हर्ट्झचे १२ फेरे बसतात, त्याखालच्या पट्टीबद्दल बोलू नये. आणि श्वासाचा वेग नोंदवा: प्राणायामात मिनिटाला सहा श्वास झाले की श्वासाचंच शिखर ०.१ हर्ट्झला, म्हणजे ०.०४ ते ०.१५ हर्ट्झच्या पट्टीत येतं. ते ताणाचं लक्षण म्हणून वाचलं तर अर्थ नेमका उलटा लागतो.

ताल बदलत असेल तर वेव्हलेट

१४ सप्टेंबर २०१५ ला टिपलेली पहिली गुरुत्वीय लहर ०.२ सेकंदांत ३५ वरून २५० हर्ट्झपर्यंत चढली. साध्या एफएफटीत हा नुसता पसरट ढीग. वेळ-वारंवारतेच्या नकाशात वर वळणारी रेघ. औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या डेटातही हेच नकाशे बघितले जातील. सरकत्या एफएफटीत विंडोची लांबी सगळ्या वारंवारतांना एकच. वेव्हलेटमध्ये, म्हणजे छोट्या लहर-तुकड्याशी नोंद ताडण्याच्या पद्धतीत, जलद लहरींना आखूड, मंद लहरींना लांब. वारंवारतेचा आवाका मोठा असेल तर वेव्हलेट, अरुंद असेल तर सरकती एफएफटी पुरते आणि वाचायलाही सोपी.

वेव्हलेट नकाशा रंगीत आणि देखणा असतो, म्हणून त्याच्यावर विश्वासही चटकन बसतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेने तयार केलेली भारताच्या मोसमी पावसाची मालिका १८७१ पासूनची आहे. हंगामाला एक आकडा धरला तर दोन वर्षांहून लहान काहीच दिसू शकत नाही. मोर्ले वेव्हलेटने १६ वर्षांचा ताल शोधला तर दोन्ही टोकांची सुमारे २२-२२ वर्षं काठाच्या परिणामात जातात, म्हणजे तिथला नकाशा भरवशाचा नसतो. 'अलीकडे हा ताल बळावला' असं विधान बऱ्याचदा नेमकं त्याच भागावर उभं असतं.

शिखर खरं की नॉइज?

हवामान, भूकंप, शरीर: तिन्हीकडे आजचा आकडा कालच्यासारखा असतो. अशा मालिकेचा स्पेक्ट्रम मंद वारंवारतांकडे आपोआप चढतो, त्यामुळे सपाट नॉइजची कसोटी तिथे दर वेळी 'दीर्घ चक्र' सापडवते. लगतच्या आकड्यांचा सहसंबंध काढून त्यावरून लाल नॉइजची (मंद वारंवारतांकडे चढणाऱ्या नॉइजची) रेषा आखा आणि शिखर तिच्याशी ताडा. ९५ टक्क्यांच्या रेषेवर शंभर स्वतंत्र वारंवारता तपासल्या तर पाच शिखरं फुकट मिळतात, हेही धरून चला.

भूकंपांची गोष्ट आणखी निराळी, कारण ती मालिका नसून घटनांची यादी आहे. कोयनेत भूकंपांना जलाशयाच्या पातळीचा वार्षिक ताल आहे का, हे पाहायला शूस्टरचीच दुसरी कसोटी सोयीची: प्रत्येक भूकंपाची वर्षातली तारीख कोनात बदलायची, त्या कोनाकडे रोखलेले एक एकक लांबीचे बाण जोडायचे आणि एकूण लांबी 'आर' मोजायची. योगायोगाची शक्यता म्हणजे ई (२.७१८) चा घात, घातांक उणे (आर वर्ग भागिले भूकंपांची संख्या). ४०० भूकंप आणि आर ४० असेल तर ती १.८ टक्के. पण डिसेंबर १९६७ चा ६.३ तीव्रतेचा धक्का आणि त्यामागचे शेकडो उत्तरधक्के यादीत तसेच ठेवले तर सगळे बाण डिसेंबर-जानेवारीकडे वळतात आणि कसोटी भरघोस उत्तीर्ण होते. प्रत्येक झुंडीतला एकच भूकंप ठेवून बाण पुन्हा जोडावे लागतात.