गाडीच्या गंजलेल्या भागांसाठी सोड्याची टाकी: काही महिन्यांच्या वापरानंतर

जुनी गाडी घरीच दुरुस्त करून उभी करायला घेतली की निम्मा वेळ गंजाशी झगडण्यात जातो. पॉलिश पेपर, ग्राइंडरवरचा वायर ब्रश, लिंबूसत्त्व, सगळं वापरून झालं. पण गेले कित्येक महिने माझं मुख्य काम धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि बॅटरी चार्जर यांवर चाललं आहे, आणि ही पद्धत मला मनापासून आवडली आहे.

मांडणी सोपी आहे. प्लास्टिकचा मोठा टब, लिटरमागे साधारण एक मोठा चमचा धुण्याचा सोडा आणि कडेनं साध्या लोखंडाच्या पट्ट्या. 12 व्होल्टच्या चार्जरचा ऋण चिमटा गंजलेल्या भागाला, धन चिमटा पट्ट्यांना. उलट जोडणी झाली तर भागच झिजतो, त्यामुळे दर वेळी नीट बघूनच बटण दाबायचं. चिमटा जिथे लागतो तेवढी जागा आधी घासून उघडी करा, गंजावर लावला तर प्रवाह धड जात नाही. नवे स्वयंचलित चार्जर समोर बॅटरी नसली की बहुधा चालूच होत नाहीत. इथे जुन्या साध्या चार्जरला तोड नाही.

याचं मोठेपण चांगलं लोखंड शाबूत राहण्यात आहे. ॲसिडला गंज संपल्याचं कळत नाही, ते पुढे धातू खात राहतं. इथे ब्रॅकेट रात्रभर राहिला तरी त्याची जाडी तेवढीच असते. वायर ब्रश वरवर चकाकी आणतो, पण खड्ड्यांच्या तळाचा गंज तिथेच राहतो आणि पुढे रंगाखालून फुगून वर येतो. टाकीतून निघालेल्या भागावर काळा मऊ थर असतो. तो साध्या ब्रशनं निघतो आणि खड्डेही आतून स्वच्छ दिसतात. अर्थात गंजानं खाल्लेलं लोखंड परत येत नाही.

प्रवाह सरळ रेषेत पोचतो, म्हणून पट्टीच्या समोरची बाजू लवकर साफ होते. भाग फिरवत राहावा लागतो आणि पोकळ नळीच्या आत जवळपास काहीच होत नाही. तिथे लिंबूसत्त्व घ्यावं, लिटरला 50 ग्रॅमच्या आसपास, अधूनमधून तपासत आणि शेवटी सोड्याच्या पाण्यानं धुऊन. दुमडलेल्या, स्पॉट वेल्ड केलेल्या (ठिकठिकाणी ठिपक्यांनी जोडलेल्या) पत्र्याला मात्र ॲसिड लावूच नये. सांधीत शिरलेलं ॲसिड धुऊन निघत नाही.

ॲल्युमिनियमला सोडा खातो, म्हणून कार्बोरेटर टाकीपासून लांब ठेवा. स्प्रिंगा आणि जास्त ताकदीचे बोल्टही नकोत: विजेमुळे पाण्यातून तयार होणारा हायड्रोजन वायू कडक पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो आणि तो भाग पुढे ताणाखाली तुटू शकतो. त्यांच्यासाठी हातानं घासणंच बरं.

आता जिवाशी गाठ असलेल्या गोष्टी. टाकी मोकळ्या हवेतच ठेवा, कारण हायड्रोजन ठिणगीनं पेटतो. चिमटे काढण्याआधी चार्जर बंद करा. स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या अजिबात नकोत, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. सोड्याऐवजी मीठ घातलं तर क्लोरीन वायू निघतो.

खरी कसोटी भाग बाहेर काढल्यावर लागते. उघडं ओलं लोखंड बघता बघता तांबूस होऊ लागतं. मी भाग कडकडीत पाण्यानं धुतो; तापलेला धातू स्वतःच पटकन वाळतो. लगेच गरम हवा मारून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा संरक्षक थर. ज्या दिवशी प्रायमर मारायला वेळ नसेल त्या दिवशी भाग टाकीत टाकूच नये, असं माझं ठाम मत आहे.

देखभाल फारशी नाही. सोडा संपत नाही, कमी होतं ते पाणी. तेवढंच वाढवत राहायचं. पट्ट्यांवर गंजाचा जाड लगदा साठला की प्रवाह मंदावतो, म्हणून त्या खरवडायच्या आणि पातळ झाल्या की बदलायच्या.