पॉइंटवाली बुलेट: गॅप नीट लावून चालवायची की इलेक्ट्रॉनिक किट बसवायचं?

चोपडा-यावलकडे अजूनही पॉइंटवाल्या बुलेट ३५० फिरताना दिसतात. पॉइंट म्हणजे उघडझाप करून प्लगची ठिणगी पाडणारे धातूचे संपर्क; किट म्हणजे तेच काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं करणारा संच. पारा ४४-४५ वर गेला की त्यांचं एकच रडगाणं. सकाळी एका किकमध्ये चालू, दुपारी बाजारातून निघताना पाय भरून येईपर्यंत किक. मग कोणी म्हणतं इरिडियमचा प्लग टाक, कोणी म्हणतं किटच बसव.

सगळ्यात स्वस्त काम म्हणजे आहे तेच नीट लावणं. सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, प्लगचा ०.४५ ते ०.५०. कितीतरी मिस्त्री दोन्हीकडे हॅकसॉचं पान सरकवून मोकळे होतात. ते पान साधारण ०.६५ मिमी जाड असतं. प्लगला जास्त, पॉइंटला तर फारच जास्त. गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिलर गेज, स्वतःचंच घेऊन ठेवा. पॉइंटची टाच (कॅमवर घासणारा भाग) झिजली की गॅप कमी होतो, त्याबरोबर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, ही मागे सरकतं. ठिणगी उशिरा पडते, गाडी ओढत नाही आणि उगाच तापते. म्हणून आधी पॉइंट, मग टायमिंग, प्लग शेवटी.

तापल्यावर बंद आणि निवल्यावर चालू, असं असेल तर पहिला संशय कंडेन्सरवर, म्हणजे पॉइंटला जोडलेल्या छोट्या डबीवर घ्या. तो गेला की पॉइंटमध्येच ठिणग्या उडतात, टोकं जळून काळी पडतात. टाकीच्या झाकणाचं भोक धुळीनं बुजलं तरी गाडी अशीच बंद पडते. झाकण सैल करून बघायला काही पैसे लागत नाहीत.

आता किट. त्यात पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही जातात. पॉइंटसारखं झिजायला काही उरत नाही, एकदा लावलेलं टायमिंग हलत नाही आणि स्विच चालू राहिला तर कॉइल तापण्याची भीतीही बऱ्याच किटमध्ये जाते. ठिणगी दणकट झाल्यानं प्लगचा गॅप थोडा वाढवता येतो, पण किटच्या कागदावर लिहिलाय तेवढाच. पॉइंट तसेच ठेवून नुसता प्लगचा गॅप वाढवायचा उद्योग मात्र करू नका. गॅप वाढला की व्होल्टेज जास्त लागतं, फुल थ्रॉटलला सिलिंडरमधला दाब वाढला की आणखी जास्त. जुन्या कॉइलला ते झेपत नाही आणि कन्नड घाटात मिसिंग (मधेच ठिणगी चुकणं) सुरू होतं.

किटवाले एक गोष्ट सहसा सांगत नाहीत. आपण ॲम्पिअर मीटरची सुई मध्यावर आणून, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून किक थोडी पुढे नेतो, मग तो सोडून किक मारतो. ती सुई पॉइंट उघडे की मिटलेले, ते दाखवते. किट बसलं की अनेक गाड्यांत हा इशारा बंद होतो आणि पिस्टन कुठं आहे ते पायालाच ओळखावं लागतं. ज्यांची हयात सुई बघून किक मारण्यात गेली, त्यांची पहिले काही दिवस चिडचिड होते. दुसरं, पॉइंट हळूहळू बिघडतात, आधी कुरकुर करतात. किटचं मॉड्यूल (इलेक्ट्रॉनिक डबी) जातं ते एकदम, आणि रस्त्यावर ते दुरुस्त होत नाही. गाडी ६ व्होल्टची असेल तर १२ व्होल्टचं किट चालणार नाही. जुना ऑटो ॲडव्हान्स (इंजिनाचा वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी यंत्रणा) तसाच वापरणारं किट असेल, तर त्याच्या ढिल्या स्प्रिंग आधी बदला, नाहीतर आयडलिंग खालीवर होतच राहील.

इरिडियम प्लगचं टोक बारीक असतं, कमी व्होल्टेजला ठिणगी देतं, टिकतोही जास्त. पण या इंजिनाचं कॉम्प्रेशनच कमी, त्यामुळे साध्या प्लगनं भागतं. कार्ब्युरेटर पेट्रोल जास्त सोडत असेल तर महागडा प्लगही काळाच होणार. कंपनी बदलताना प्लगवरचा आकडा नीट बघा, तो प्लग किती गरम राहतो ते सांगतो. बॉशमध्ये आकडा लहान तितका प्लग थंड, एनजीकेत मोठा तितका थंड.

गाडी गाव ते शेत आणि आठवड्याचा बाजार एवढीच फिरत असेल, शिवाय हाताशी पॉइंट जाणणारा मिस्त्री असेल, तर नवे पॉइंट, चांगला कंडेन्सर आणि साधा प्लग. बास. पॉइंट लावणारा म्हातारा मिस्त्री आता दुकानात बसत नसेल, किंवा तुम्ही शहाद्यावरून तोरणमाळ, चाळीसगाववरून पुढे असे लांब जात असाल, तर किट घ्या. तेव्हा काढलेली पॉइंटची प्लेट आणि कंडेन्सर भंगारात देऊ नका, गॅप लावून कापडात गुंडाळून टूलबॉक्समध्ये ठेवा. घाटात मॉड्यूल गेलं तर तीच प्लेट परत लावून घर गाठता येतं.