'तयार' राखणदार कुत्रा घ्यायला गेलो आणि बेचाळीस हजारांना बुडालो

ठाण्याच्या ओवळ्याला आमच्या घरामागं बकऱ्यांचा गोठा आहे. घोडबंदर रोडवरून जाणाऱ्याला नुसते टॉवर दिसतात, पण टॉवरांच्या मागं डोंगर आहे आणि त्या डोंगरावर राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. बिबट्याला आमच्याकडची जुनी माणसं अजून वाघच म्हणतात. फेब्रुवारी २०२४मध्ये आठ दिवसांत वाघानं दोन बकऱ्या नेल्या, दुसरी गाभण होती. गल्लीतली कुत्री भुंकली, पण वाघ कुंपणाशी आला तेव्हा तीच आधी आमच्या पडवीत घुसली. त्यांना तरी काय बोलणार, वाघ बकरीइतक्याच आवडीनं कुत्रंही खातो.

त्या वर्षी १७ जूनला बकरी ईद होती. आठ बोकड मी ईदसाठी वर्षभर पोसलेले, त्यात एक शिरोही जातीचा. चाळीस हजारांच्या खाली तो द्यायचा नाही असं मी मनाशी धरलेलं. म्हणजे हातात तीन-साडेतीन महिने होते, आणि मला राखणदार कुत्रा पाहिजे होता तो आत्ता, या आठवड्यात. माझं नेमकं इथंच चुकलं. पुढचं सगळं त्या घाईनं झालं.

मोबाईलवर शोधायला लागलो की पुढचे चार दिवस मोबाईल तुम्हाला तेच दाखवतो. एका रीलमध्ये भला मोठा पिवळसर कुत्रा बकऱ्यांच्या मधोमध पसरलेला, एक करडू त्याच्या पाठीवर चढलेलं. खाली नंबर. फोन केला तर माणूस गोड बोलणारा. त्यानं आधी मलाच विचारलं, "पिल्लू पाहिजे की तयार?" मी म्हणालो, पिल्लू मोठं होईपर्यंत बकऱ्या शिल्लक राहायला नकोत का? तो हसला. "बरोबर बोललात दादा. पिल्लाला दोन वर्षं लागतात. माझ्याकडं अडीच वर्षांचा बकरवाल जातीचा राखणदार आहे. काश्मीरहून आणलाय, बकऱ्यांतच वाढलाय. आज सोडा, उद्यापासून कामाला."

पिल्लाला दोन वर्षं लागतात हे त्यानं खरं सांगितलं होतं. ते ऐकूनच माझा विश्वास बसला. निम्मं खरं बोलणारा माणूस सगळंच खोटं बोलणाऱ्यापेक्षा महागात पडतो.

पंचावन्न हजारांवरून बेचाळीसला तुटलं. दहा हजार टोकन आधी, बाकीचे कुत्रा आल्यावर. पैसे ज्या नावावर गेले ते नाव रीलवाल्याचं नव्हतं. विचारलं, तर "भावाचं खातं आहे." पावती मागितली, तर म्हणे, "बातम्या बघत नाही का? सरकारनं बंदी आणलीय, कागद नको." त्या मार्चमध्ये केंद्रानं राज्यांना २३ जातींच्या कुत्र्यांबद्दल पत्र पाठवलं होतं हे खरं, त्यात कांगल वगैरे परदेशी राखणदार जाती होत्या. पण बकरवालचं नाव त्यात नव्हतंच, आणि ते पत्र एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं रद्दही केलं. हे मी नंतर वाचलं. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे केंद्राचे नियम २०१७पासून आहेत. विकणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, विकलेल्या कुत्र्याला मायक्रोचिप लागते. तेव्हा मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

कुत्रा आला रात्री दहाला, गायमुखच्या उतारावर, टेम्पोतून. दिवसा का नाही? तर म्हणे, उन्हात त्याला त्रास होतो. टेम्पोभाडं साडेतीन हजार वेगळं, तेही मीच दिलं. अंधारात कुत्रा मोठा वाटला. सोबत लसीकरणाचं कार्ड होतं, शिक्के, स्टिकर, सगळं. मी खूश. नाव त्यांनीच ठेवलेलं, शेरा.

सकाळी आय त्याच्याकडं बराच वेळ बघत उभी होती. ती लहानपणापासून बकऱ्यांमागं फिरलेली बाई. म्हणाली, "यो बकऱ्याना बगतो कसा, बग जरा." मी बघितलं. शेरा पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागचा भाग वर करून, शेपूट हलवत होता. मला वाटलं, चला, माया लावतोय. आय म्हणाली, "माया नाय ती. खेलाया मागतो." बकऱ्या सगळ्या एका कोपऱ्यात दाटलेल्या, एकही चरत नव्हती.

आणखी एक गोष्ट दिसत असून मी बघितली नाही. त्याची नखं. लांब, पुढं वळलेली, गोठ्याच्या लादीवर चालला की टक टक वाजायची. डोंगरात कळपामागं हिंडलेल्या कुत्र्याची नखं दगडधोंड्यावर घासून आखूड झालेली असतात. याची नखं सांगत होती की हा पिंजऱ्यात किंवा फ्लॅटच्या फरशीवर वाढलाय. भाकरी खाईना, दूध-चपाती मात्र स्टीलच्या वाटीत दिली की लगेच खायचा.

चौथ्या दिवशी त्यानं एका करडाचा कान ओढला. सहाव्या दिवशी आय नळावर गेलेली, मी कामावर. परत येईपर्यंत एक करडू मान मोडून पडलेलं, आणि शेरा त्याला चाटत बसलेला. खाल्लं नव्हतं, एक चावासुद्धा नाही. त्याच्या दृष्टीनं खेळणं बंद पडलं होतं, एवढंच. शिरोहीचा डावा कान मुळापासून अर्धा फाटलेला. बकऱ्या पाळणाऱ्याला याचा अर्थ सांगायला नको. कुर्बानीला जनावर अंगानं धड लागतं. कान इतका फाटला की गिऱ्हाईक बाकी काही न बघता पुढच्या दावणीला जातं. ज्याचे चाळीस धरले होते तो ईदनंतर खाटकाला बावीस हजारांत गेला.

त्या संध्याकाळी शेराला रिक्षात घालून डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी काही न बोलता त्याचा खालचा ओठ अंगठ्यानं दाबून मला जवळ बोलावलं. "समोरचे दात बघा." खालचे सहा छोटे दात पांढरेशुभ्र, आणि प्रत्येकाच्या टोकाला छोट्या पाकळ्या. "या पाकळ्या आहेत ना, त्यातल्या मधल्या दोन दातांच्या दीडेक वर्षापर्यंत झिजतात. याच्या सगळ्या शाबूत आहेत. सुळ्याच्या मुळाशी पिवळा थर नाही. पक्के दात सात महिन्यांपर्यंत येतात, ते आलेत. म्हणजे सात महिन्यांच्या वर आणि वर्ष-सव्वा वर्षाच्या आत. दातांवरून वय म्हणजे अंदाजच असतो, पण अडीच वर्षं हा अंदाजसुद्धा होत नाही."

मी कार्ड पुढं केलं. पहिल्या लसीची तारीख १२/११/२०२१. त्यांनी कार्ड ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं. दिवस आणि महिना एका शाईत, सालावर पेन दोनदा फिरलेलं. मग शेजारच्या स्टिकरवर बोट ठेवलं. लसीच्या बाटलीवरचं ते चिमुकलं लेबल सोलून कार्डावर लावतात, त्यावर बॅच नंबर असतो आणि बारीक अक्षरात उत्पादनाचा महिना. तिथं छापलं होतं, ०८/२०२३.

"लस बनायच्या पावणेदोन वर्षं आधी टोचली यांनी," डॉक्टर म्हणाले. "लस खरी असेल हो. नोव्हेंबर २०२३लाच टोचली असेल. फक्त साल मागं नेलं." हे कार्ड सहा दिवस माझ्या खिशात होतं. मला वाचता येतं, चष्माही लागत नाही.

मग त्यांनी वयाची भानगड समजावली. बकऱ्यांचा राखणदार मारून-शिकवून होत नाही. पिल्लू साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तिसरा-चौथा महिना लागेपर्यंत आपले कोण आणि परके कोण हे ठरवतं. त्या काळात जे सोबत असतात ती त्याची माणसं, मग ती बकऱ्या का असेनात. निदान आठ आठवडे ते आईजवळ आणि भावंडांत पाहिजे. चावा किती जोरात घ्यायचा हे ते तिथंच शिकतं. पाच आठवड्यांचं गोंडस पिल्लू आणलं तर ते शिकायचं राहूनच जातं. तिथून थेट बकऱ्यांत आणायचं, घरातल्या सोफ्यावर ठेवायचं नाही. सोबतीला शांत, जुन्या बकऱ्या द्यायच्या. नुकती व्यालेली बकरी ढुशी मारते आणि पिल्लू कायमचं बिचकतं. आणि एका कोपऱ्यात त्याला शिरता येईल पण बकऱ्यांना येणार नाही अशी जागा ठेवायची.

"शेराचा तो काळ पिंजऱ्यात गेला," ते म्हणाले. "आता हा सहा महिने ते दीड वर्ष या उंडगेपणाच्या वयात आहे. या वयात बकऱ्यांत वाढलेलं कुत्रंसुद्धा त्यांचे कान ओढतं, मागं पळतं. याला तर त्या काय आहेत तेच माहीत नाही." नामिबियात चित्त्यांपासून शेळ्या राखायला १९९४पासून शेतकऱ्यांना अनातोलियन जातीची कुत्री देतात, तिथंही पिल्लंच देतात असं ते सांगत होते. मी विचारलं, मग तयार कुत्रा मिळतच नाही? "मिळतो कधीतरी, कोणी कळपच मोडला तर. पण तुम्ही सांगा, राबता बैल पेरणीच्या तोंडावर कोण विकतो?"

रीलवाल्याला फोन लावला. आधी, "तुमच्याकडं आल्यावर बिघडला." मग, "बांधून ठेवा, आठ दिवसांत सुधारेल." मग नंबर बंद. भाच्यानं तो व्हिडिओ शोधून काढला. कित्येक वर्षांपूर्वीचा, तुर्कस्तानातला, आवाज काढून वर हिंदी गाणं चिकटवलेला. बकऱ्यांचे केस गुडघ्यापर्यंत होते. तेवढं तरी माझ्या डोक्यात यायला हवं होतं की नाही? पोलिसांत अर्ज दिला, त्यांनी पावती विचारली. ग्राहकांच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली, वकिलाकडून नोटीस पाठवली. ती "पत्ता अपुरा" म्हणून परत आली. पैसे गेले ते गेले.

शेरावर मी कधी हात उगारला नाही. तो आता चुलतभावाच्या कासारवडवलीच्या गोदामात आहे, रखवालदाराच्या खाटेखाली झोपतो, माणसांवर चांगला भुंकतो.

दिवाळीनंतर देशावरचे धनगर मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात, शेतकरी खतासाठी त्यांना शेतात बसवून घेतात. जानेवारी २०२५मध्ये पडघ्याजवळ मित्राच्या सासुरवाडीच्या शेतात असा एक वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, बसल्याचं कळलं आणि मी गेलो. भर दुपारी गेलो, एवढं शिकलो होतो. मेंढरांच्या मधे एक कुत्री आडवी पडलेली, गळ्यात खिळ्यांचा पट्टा, आणि तिला चार पिल्लं लुचत होती. म्हातारे मामा विडी पीत बसले होते. मी किंमत विचारली. ते म्हणाले, "कुत्रं इकत नसत्यात, पाव्हणं." मग उलटतपासणी सुरू झाली. बकऱ्या किती, बसतात कुठं, रात्री गोठ्याचं दार कोण लावतं, पोरं पिल्लाला उचलून घरात नेणार का? मी आज नेतो म्हटलं तर साफ नाही. "अजून आईला पितंय. पंधरा दिसानं या."

पंधरा दिवसांनी गेलो, सोबत तांदळाची गोणी आणि एक नारळ. मामांनी पिल्लांपैकी सगळ्यात मस्तीखोर बाजूला काढलं, सगळ्यात घाबरट बाजूला काढलं, आणि मधलं माझ्या हातात दिलं. काळं, छातीवर पांढरा ठिपका. जात विचारली तर म्हणाले, "आमचंच."

काळू गोठ्यात दोन म्हाताऱ्या उस्मानाबादी बकऱ्यांसोबत वाढला. आम्ही त्याला रोज हात लावतो, तोंड उघडून बघतो, नखं धरतो, उद्या डॉक्टरांनी धरलं तर चावू नये म्हणून. पण लाड गोठ्यातच. गेल्या महिन्यात तो करडांच्या मागं पळायला लागला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आयनं उनाड गुरांच्या गळ्यात अडकवतात तसं लाकडाचं छोटं लोढणं त्याच्या गळ्यात अडकवलं. पळायला गेला की पायांत येतं, चालायला काही अडत नाही. आम्ही कोणी नसलो की तो जाळीच्या अलीकडं, करडं पलीकडं. अजून दीड वर्ष हे असंच चालायचं. तोवर राखणीला बारा फुटी जाळी, दोन हॅलोजन आणि मी.

ईद परत आलीय, ७ जूनला. परवा भिवंडीचं एक गिऱ्हाईक बोकड बघायला आलं आणि काळूकडं बघून म्हणालं, कुत्रा तयार आहे का, किती घेणार? आय आतूनच ओरडली, "दूधाचं दात पडतात त्याचं अजून!" खरंच, त्या सकाळीच गव्हाणीत त्याचा एक सुळा सापडला होता, तांदळाच्या दाण्यासारखा, टोकाला अणकुचीदार. तो मी काडेपेटीत ठेवलाय. वर तारीख लिहिली, ११ मे २०२५, एकाच शाईत.